तहानेचा हिशेब

वकिलीच्या धंद्यात नावाचे महत्त्व फार. दस्तऐवजात एका अक्षराचा फरक पडला, तर एकाचे घर दुसऱ्याच्या खाती जमा होते. समन्सावर बापाचे नाव चुकले, तर भलत्याच्याच दारात बेलीफ उभा राहतो. त्यामुळे नावांकडे थोड्या अधिक बारकाईने पाहावयाची सवय मला जडलेली आहे. तथापि एका नावाच्या घोटाळ्याने माणसाचा जीव टांगणीस लागू शकतो, हे मला कोर्टाच्या आवारात नव्हे तर घरीच पाहावे लागले. त्या नावाची कुळकथा सांगितल्यावाचून पुढील हकीकत नीट कळावयाची नाही.

आपल्या आयुर्वेदाने प्रमेहाचे वीस प्रकार मानले आहेत. कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार, अशी ती चरकसंहितेतील मांडणी. त्यांतील मधुमेह हा सर्वांस ठाऊक आहे, नको तितका ठाऊक आहे. पण कफाच्या दहांमध्ये उदकमेह नावाचा एक प्रकार आहे, त्याची आठवण वैद्यांवाचून कोणी ठेवीत नाही. लघवी स्वच्छ, थंड, गंधहीन, पाण्यासारखी आणि अतिशय पुष्कळ, असे त्याचे लक्षण. प्राचीनांचा उदकमेह म्हणजे तंतोतंत आजचा रोग, असा दावा मी करीत नाही. तो वाद तज्ज्ञांनी करावा. परंतु गोड लघवी आणि पाण्यासारखी लघवी या दोन गोष्टी भिन्न, त्यांची घराणी भिन्न आणि उपचारही भिन्न, एवढे त्यांनी ओळखले होते व नावे वेगळी ठेवली होती.

युरोपातील वैद्यांनी मात्र दोघांना एकाच आडनावाखाली नांदविले. ‘डायबिटीस’ हा मूळ ग्रीक शब्द. आरपार वाहून जाणे, हा त्याचा भाव. १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने लघवी मधासारखी गोड लागते असे नमूद केले. पुढे सगळ्यांचीच लघवी गोड नसते हे ध्यानी आले, आणि १७९४ साली योहान पेटर फ्रांक याने बेचव लघवीच्या रोगाचा स्वतंत्र विचार केला. गोड तो ‘मेलिटस’, बेचव तो ‘इन्सिपिडस’. या दुसऱ्या लॅटिन शब्दाला मराठीत ‘अळणी’ याहून चांगला शब्द मला सुचत नाही. डायबिटीस इन्सिपिडस म्हणजे अळणी प्रमेह. पण व्यवहारात माणसे पहिला शब्द ऐकतात आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. घोटाळ्याचे मूळ ते हेच.

अक्काच्या बाबतीत हा शब्द आमच्या घरात २०१६ साली शिरला. अक्का ही माझी वडील बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील बँकेच्या नोकरीत बदलून सुरतेस आले आणि इथलेच झाले. आई लवकर गेली, तेव्हा घर अक्काने हाती घेतले. तिने लग्न केले नाही. नानपुऱ्यातील शाळेत तिने तीस वर्षे गणित शिकविले. घरात आम्ही आजही कोंकणीच बोलतो, बाहेर गुजराती, आणि नातलगांना पत्रे मराठीत. तिन्ही भाषांत अक्काचा आवाज मात्र एकच, फळ्यावर खडू आपटणारा.

त्या वर्षी तिची दृष्टी कडेने अंधुक होऊ लागली. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या देठालगत गाठ निघाली. मुंबईस शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, आम्ही देवाला नारळ ठेवला. पण दुसऱ्या दिवशीच तिच्या खाटेखालची पिशवी भरूं लागली ती थांबेना. चोवीस तासांत अकरा लिटर! मला वाटले, मोजण्यात काही चूक झाली असावी. नर्सबाईने शांतपणे कागद पुढे केला. अकराच होते.

त्याचे कारण डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. शेवटचा जो वाटा, तो परत घ्यावयाचा की सोडून द्यावयाचा याचा हुकूम मेंदूतून सुटतो. हायपोथॅलॅमसमध्ये व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक तयार होते, देठावाटे ते पिट्युटरीच्या मागील भागात येऊन साठते, आणि रक्त जरासे दाट झाले की तेथून बाहेर पडून मूत्रपिंडांना सांगते, ‘पाणी राखा.’ तो देठच दुखावला, तर हुकूम सुटत नाही. मूत्रपिंडे धडधाकट, पण त्यांना कोणी विचारणारा उरत नाही. वारसदारांचे पत्ते न लागल्यामुळे बेवारस झालेली मालमत्ता जशी हां हां म्हणता लुटली जाते, तसे शरीरातले पाणी जाते. काहींना दिवसाला तीन-चार लिटर, काहींना पंधरा-वीस लिटरपर्यंत.

शस्त्रक्रियेनंतरचा हा विकार पुष्कळांत काही दिवसांनी आपोआप निवळतो. काहींत मात्र विचित्र प्रकार होतो: आधी पाणी वाहते, मग दुखावलेल्या मज्जातंतूंतील उरलेसुरले संप्रेरक एकदम गळून पडते व आठवडाभर पाणी अडते, आणि नंतर कायमचे वाहू लागते. अक्काचे असेच झाले. मधल्या आठवड्यात आम्ही ‘बरी झाली’ म्हणून आनंद केला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. साधारण पंचवीस हजारांत एकास हा विकार असतो असे म्हणतात. गाठी, शस्त्रक्रिया, डोक्याला मार, आपल्या देशात क्षयाचा मेंदूवरील हल्ला, अशी त्याची अनेक कारणे. आणि कित्येकांत कारण सापडतच नाही.

औषध आहे, आणि ते उत्तम आहे. त्याचाही इतिहास मोठा मनोरंजक. १९१३ साली इटलीत फारिनी यांनी व जर्मनीत फॉन डेन व्हेल्डेन यांनी दाखवून दिले की जनावरांच्या पिट्युटरीच्या मागील भागाचा अर्क टोचला की हा पूर ओसरतो. पुढे कित्येक वर्षे रुग्ण त्या ग्रंथीची वाळवलेली पूड तपकिरीसारखी नाकात ओढीत असत. (आमच्या घराण्यातील तपकीर ओढणाऱ्या आजोबांना हे ऐकून काय वाटले असते कोण जाणे.) व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने व्हॅसोप्रेसिनची नऊ दुव्यांची साखळी उकलली, त्यांना १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ साली प्राग येथील रसायनशास्त्रज्ञांनी त्या साखळीत थोडा फेरफार करून डेस्मोप्रेसिन बनविले. पाणी राखण्याचा गुण त्यात अधिक टिकाऊ, आणि रक्तदाब वाढविण्याचा अवगुण जवळजवळ गेलेला. आज त्याची गोळी मिळते, नाकातला फवारा मिळतो, इंजेक्शनही मिळते. अक्का सकाळी एक आणि रात्री एक अशी इवलीशी गोळी घेते, रिकाम्या पोटी, कारण अन्नाबरोबर ती नीट शोषली जात नाही. त्या गोळीवर ती स्वयंपाक करते, भाजी निवडते, शेजारच्या मुलांची गणिते तपासते आणि माझ्या अर्जांतील व्याकरणाच्या चुका काढते.

इथपर्यंत सारे ठीक. आता नावाचा घोटाळा.

२०१९ च्या मार्चमध्ये ती ओल्या पायरीवरून घसरली आणि मनगटाजवळचे हाड मोडले. मी एका अपिलासाठी अहमदाबादेस गेलो होतो. माझ्या पत्नीने तिला सुरतेतील एका खासगी रुग्णालयात दाखल केले, औषधांची चिठ्ठी दिली, गोळ्यांची डबी दिली, आणि रोगाचे नाव तोंडी व लेखी दोन्ही प्रकारे सांगितले. केसपेपरवर लिहिले गेले ते एवढेच: ‘डायबिटिक’.

तेथून पुढे सर्व काही शिस्तीने झाले, हीच त्यातली भयंकर गोष्ट. डायबिटिक म्हणून दर सहा तासांनी बोटातून रक्त काढून साखर पाहिली. ती दर वेळी उत्तम निघाली. स्टेरॉईडचे इंजेक्शन वेळेवर दिले, कारण ते सर्वांच्या ओळखीचे. डेस्मोप्रेसिन रुग्णालयाच्या औषध-दुकानात नव्हते आणि घरची औषधे वॉर्डात वापरावयाची नाहीत असा नियम होता, म्हणून डबी कपाटात राहिली. सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती, म्हणून रात्री दहापासून तोंडाने पाणी बंद. सकाळी अपघाताची एक गंभीर केस आली, शस्त्रक्रिया दुपारवर गेली, दुपारची संध्याकाळवर, संध्याकाळची उद्यावर. पाण्यावरची बंदी मात्र उठली नाही, कारण ‘कधीही बोलावतील’. हाताला सलाईन लावलेले होतेच. लघवीच्या पिशव्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या आणि त्याची नोंद मी पुढे स्वतःच्या डोळ्यांनी वाचली: ‘आउटपुट गुड’.

सलाईनविषयी येथे दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आपल्या लोकांची त्या बाटलीवर मोठी श्रद्धा. अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे मी पाहिले आहेत. पण ते पाणी नव्हे, मिठाचे पाणी आहे. लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ. ज्याच्या शरीरातून नुसते पाणी, जवळजवळ मीठविरहित पाणी धो धो वाहत आहे, त्याला बदल्यात मिठाचे पाणी देत राहिले तर रक्त अधिकाधिक खारट होत जाते. तेच झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोहोचलो. अक्काची जीभ कोरडी, लाकडासारखी. डोळे उघडे पण ओळख नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिने गुजरातीत पाणी मागितले होते, मास्तरणीच्या आवाजात मागितले होते, आणि ‘ऑपरेशन छे, बेन’ असे उत्तर मिळाले होते. रात्रीनंतर तिची गुजराती गेली, मराठी गेली. उरली ती आईची भाषा. पाळीवरची नर्स, कोवळी, घाबरलेली पोर, मला म्हणाली, ‘बेन आखी रात उदक उदक बोले छे. कोई सगानुं नाम छे?’ कोणा नातलगाचे नाव आहे का, असे ती विचारीत होती.

कोंकणी वाचकांस मी काय सांगावे? आम्ही घरात ‘पाणी’ म्हणतच नाही.

रक्त तपासले, सोडियम १५९. निरोगी माणसाचे ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. सुदैवाने त्याच रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने चिठ्ठीवरील पूर्ण नाव वाचले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले, डेस्मोप्रेसिनचे इंजेक्शन मिळविले, सलाईन काढून साखरेचे पाणी शिरेतून सुरू केले, नळीवाटे पोटात साधे पाणी दिले. तेही घाईने नव्हे. रक्त खारट झाले की मेंदूच्या पेशी त्या खारेपणाशी जुळवून घेतात. मग एकदम पाणी दिले तर त्या फुगतात. म्हणून दिवसाला दहा-बाराच्या वर आकडा उतरू द्यावयाचा नाही, असा दंडक आहे. माझी तर इच्छा होती की घागर आणून ओतावी. तीन दिवस आकड्यांकडे बघत बसलो: १५९, १५०, १४४. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्काने डोळे उघडून विचारले, ‘तुझ्या अपिलाचे काय झाले?’

पुढे वाचनात आले की लंडनमध्ये २००९ साली अगदी असाच प्रसंग घडला होता, आणि त्याचा शेवट असा झाला नव्हता. बावीस वर्षांचा तरुण. डोक्यातील गाठीमुळे हाच विकार. कंबरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका नामांकित रुग्णालयात दाखल. गोळ्या चुकल्या. तहानेने व्याकुळ होऊन त्याने खाटेवरून पोलिसांना फोन केला. पोलीस आलेही; वॉर्डातील लोकांनी सर्व ठीक असल्याचे सांगितल्यावर परत गेले. तो मुलगा वारला. २०१२ साली कोरोनरसमोर चौकशी झाली तेव्हा मृत्यूचे कारण पाण्याचा अभाव आणि त्यास हातभार लावणारी हयगय, असा निष्कर्ष निघाला. जगातील एका श्रीमंत शहरात, नळाला चोवीस तास पाणी असताना. अशा घटनांमुळेच २०२२ साली अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने या विकाराचे नावच बदलावे असे सुचविले. आता त्यास ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनची कमतरता’ म्हणावयाचे. डायबिटीस हे आडनाव काढून टाकावयाचे. नाव जरा लांबलचक आणि रूक्ष आहे, पण मी वकील आहे. लांबलचक आणि रूक्ष असले तरी निःसंदिग्ध असलेले नाव मला केव्हाही पसंत.

अक्का घरी आली तसे मी रुग्णालयाकडून कागदपत्रांच्या प्रती मागविल्या. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्यात असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, आणि त्या मिळाल्या. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरविलेले. माझ्या हाती ‘आउटपुट गुड’ अशी नोंद होती. धंद्यात इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तक्रारीचा मसुदा मी एका रात्रीत तयार केला. अक्काने तो वाचला, दोन ठिकाणी अनुस्वार दुरुस्त केले आणि सही करण्यास नकार दिला.

‘त्या पोरीची नोकरी जाईल,’ ती म्हणाली. ‘जिने उदक हे नाव समजले, तिची.’

मी सांगितले की तक्रार संस्थेविरुद्ध आहे, पोरीविरुद्ध नाही. ती म्हणाली, संस्था आपला दोष खाली खाली ढकलीत शेवटच्या पायरीपर्यंत नेते, हे तिने शाळेत तीस वर्षे पाहिले आहे. त्यावर मला उत्तर नव्हते. असे असूनही तिचे म्हणणे मला पटले असे मी म्हणणार नाही. कायद्यापुढे न आलेली चूक कागदावर उमटत नाही आणि पुढच्या रुग्णाला तिचा काही उपयोग होत नाही, असे मला आजही वाटते. दोन वर्षांची मुदत मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. ती संपली त्या दिवशी मी फाइल कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली. अक्काच्या सांगण्यावरून रुग्णालयास एक पत्र मात्र लिहिले होते, की अशा रुग्णांची गोळी उपासाच्या काळातही बंद करू नये व नाव पूर्ण लिहावे. दोन ओळींचे सौजन्यपूर्ण उत्तर आले.

या सगळ्या काळात नातलगांचे प्रेम उतू जात होते. ‘सोडियम वाढले होते ना? मग मीठ कमी करा!’ असा सल्ला किमान वीस जणांनी दिला. सोडियम म्हणजे मीठ, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले. आणि सुरतेच्या माणसाला मिठाविषयी सांगावे तरी कोणी? १९३० च्या एप्रिलात ज्या दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मूठभर मीठ उचलले, ती दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यातच होती. पण रक्तातील सोडियमचा आकडा बहुधा मिठाचा हिशेब नसतो, पाण्याचा असतो. कढीत मीठ तेवढेच, पाणी आटले तर ती खारट लागते. पाणी अधिक पडले तर अळणी. अक्काच्या कढीतले पाणी आटले होते, मीठ जास्त पडले नव्हते. ज्या स्वयंपाकघरात ही गोष्ट रोज घडते तेथेच ती कोणाच्या ध्यानी येत नाही, याचे मला नवल वाटते.

पाणी अधिक पडण्याचा अनुभवही आला. २०२२ च्या मे महिन्यात नवसारीस घरचे लग्न होते. उकाडा असह्य. ‘हिला पाण्याचा आजार आहे, हिला पाणी द्या’ एवढेच सगळ्यांना ठाऊक, म्हणून जो तो तिच्या हाती काहीतरी देई: शहाळे, सरबत, ताक, पन्हे. दिवसाला चार लिटर पाणी प्यावे, हे नवे शास्त्रही एका पुतण्याने ऐकविले. निरोगी माणूस जास्त पाणी प्याला तर ते काही तासांत बाहेर टाकतो. पण अक्काने गोळी घेतलेली; गोळी सांगते पाणी राखा, आणि ती काही भोवतालची परिस्थिती बघून हुकूम मागे घेत नाही. हेच खऱ्या संप्रेरकात आणि गोळीत अंतर आहे. तिसऱ्या दिवशी तिचे डोके दुखू लागले, उलट्या झाल्या, एकच प्रश्न तिने तीनदा विचारला. गणिताच्या शिक्षिकेला सात आठे चुकले, तेव्हा मी गाडी काढली. सोडियम १२१.

हे वर आणतानाही घाई चालत नाही. दिवसाला आठ-दहापेक्षा जास्त वर गेले तर मेंदूतील तंतूंवरील आवरणाची कायमची हानी होऊ शकते. आणि येथे दुसरा पेच असा, की गोळी एकदम बंद केली तर अडलेले पाणी एकाच लोंढ्याने बाहेर पडते व आकडा उडी मारतो. धरणाचे दरवाजे एकदम उघडू नयेत हे सुरतेच्या लोकांना २००६ च्या ऑगस्टपासून निराळे सांगावे लागत नाही. उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापीने तेव्हा शहर बुडविले होते. डॉक्टरांनी दर काही तासांनी रक्त तपासून, पाणी मोजून देत, थोडे थोडे दरवाजे उघडले. चौथ्या दिवशी ती घरी आली.

तेव्हापासून घरात एक वही आहे. सकाळी उठून, शौचास जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन. वजनासारखा प्रामाणिक साक्षीदार नाही. एका दिवसात एक किलो वाढले तर ते बहुधा एक लिटर पाणीच, कारण कोणी एका रात्रीत एवढे लठ्ठ होत नाही. तहान लागली तर प्यावयाचे, कोणी दिले म्हणून नव्हे. आणि आठवड्यातून एक दिवस, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, गोळी थोडी उशिरा: लघवीचा लोंढा येऊ द्यावयाचा, साठलेले जादा पाणी बाहेर पडू द्यावयाचे, मग गोळी घ्यावयाची. अक्का त्या वाराला ‘भरती-ओहोटी’ म्हणते आणि त्या दिवशी बाहेरचे आमंत्रण घेत नाही. हा तिच्यासाठी ठरलेला क्रम आहे. प्रत्येकाचा निराळा असतो आणि तो आपल्या डॉक्टरांनीच ठरवावा. तिची तहान शाबूत आहे, हे मोठे भाग्य. शस्त्रक्रियेत काहींच्या तहानेचे केंद्रही जाते. रक्त खारट होत जाते आणि माणसाला पाणी पिण्याची आठवणच होत नाही. त्यांना तहान नसताना रोज ठराविक पाणी घड्याळ पाहून प्यावे लागते आणि वजन-रक्त तपासत जगावे लागते. ‘कामाच्या नादात तहानभूक हरपली’ असे आपण कौतुकाने म्हणतो. ती खरोखर हरपलेली माणसे या जगात आहेत.

उरला प्रश्न एकादशीचा. ज्येष्ठातील निर्जला एकादशी अक्का वयाच्या सोळाव्या वर्षापासून करीत आली. आई गेल्याच्या वर्षी तिने ती धरली आणि ती सोडणे म्हणजे आईला सोडणे, असे काहीसे तिच्या मनात होते. ती तसे बोलत नसे. डॉक्टरांनी नको म्हटले, मी नको म्हटले. ती ऐकून घेई आणि पंचांगात खूण करून ठेवी. शेवटी आमच्या भटमामांना विचारले. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, फार बोलत नाहीत. त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून वारंवार येणारे एक वचन तिला सांगितले. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी त्यात मोजलेल्या आहेत: पाणी, मुळे, फळे, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. भटमामांनी बोटांवर मोजून दाखविले. यादीत पहिले पाणी आणि शेवटचे औषध.

‘पहिले आणि शेवटचे, दोन्ही तुझेच,’ ते म्हणाले.

अक्काने थोडा वेळ विचार केला. गणिती माणसाला यादीची दोन टोके जुळलेली पाहून समाधान होत असावे. त्या वर्षापासून निर्जलेला ती धान्य घेत नाही, गोळी घेते, आणि तहान लागेल तेव्हा पाणी पिते. देवळात भटमाम सर्वांच्या तळहातावर पळीभर तीर्थ घालतात, ते मात्र वहीत धरावयाचे की नाही, असे तिने त्यांना एकदा गंभीरपणे विचारले होते. ते हसले, आणि दुसरी पळी घातली.

गेल्या वर्षी मी तिच्यासाठी एक कार्ड तयार केले. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे, जाड कागदावर, प्लॅस्टिकमध्ये बंद. नवे नाव वर, जुने खाली. ‘हा साखरेचा आजार नाही’ हे वाक्य तांबड्या अक्षरांत. गोळीचे नाव व मात्रा, शस्त्रक्रियेपूर्वीही ती बंद करू नये, तोंडाने बंद असेल तर इंजेक्शन द्यावे, सोडियम तपासावे, स्टेरॉईड चुकवू नये. दोन डॉक्टरांचे दूरध्वनी. हे सारे गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत. मसुदा म्हणून मला त्याचा थोडा अभिमान होता. एकही शब्द जादा नव्हता. अक्काने चष्मा लावून तो वाचला, एक स्वल्पविराम घातला आणि खाली मोकळ्या जागेत पेनाने एक ओळ कोंकणीत लिहिली: ‘हांवें उदक मागल्यार दियात.’ मग तिच्याखाली, नर्सेसना वाचता यावे म्हणून, गुजराती लिपीत कंसात लिहिले की उदक म्हणजे पाणी. छापखान्यात मी तसेच दिले. तिने पन्नास प्रती काढावयास लावल्या. एक पर्समध्ये, एक फ्रिजवर, एक देवघरात वहीशेजारी, एक भटमामांकडे, आणि एक तिने स्वतः पाकिटात घालून त्या रुग्णालयातील नर्सच्या नावे पाठविली.